सुकटीला विकलेला बुरूज

प्रिय मिहिका आणि ओम,

तुम्ही समुद्रावरून पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. वाऱ्याच्या आवाजात निम्मं बोलणं वाहून गेलं आहे, पण वाळूत अर्धी रुतलेली ती काँक्रीटची खोली, तिची लांबट फट आणि फटीतून बाहेर आलेली ओमची लाल टोपी नीट दिसते. मिहिकाने तिथली पाटी इतकी स्वच्छ वाचून दाखवली, की मला माझा इंग्रजीचा वर्ग आठवला. महायुद्धात इथे तोफ होती, तिचा मारा अमुक खडकापासून तमुक खडकापर्यंत पोचायचा, वगैरे. मग ओमने विचारलं, ‘‘आणि कोण जिंकलं?’’ तुमच्या बाबाने सांगितलं, ‘‘अरे, इथे कोणी आलंच नाही.’’ त्यावर ओमचा जो चेहरा झाला, तो मी थांबवून ठेवून आजोबांनाही दाखवला.

व्हिडिओच्या शेवटी मिहिकाने विचारलं आहे, ‘‘आजी, भोरला असं काही आहे का?’’ तिला फोनवर नुसतं ‘आहे’ म्हणून भागलं असतं. पण सध्या पितृपक्ष चालू आहे, पाऊस निघता निघता घुटमळतो आहे, वेळवंडी नदीच्या अंगाला भात पोटरीत आलाय आणि संध्याकाळी खिडकी उघडली की आंबेमोहोराचा वास घरात येतो. हा वास आला की मला एक बुरूज आठवतो. तेव्हा लिहूनच टाकते. बाबाला वाचून दाखवायला सांगा, आणि गाळत गाळत वाचू नकोस म्हणावं. लहानपणापासून त्याला ती खोड आहे.

आधी समुद्राचं बघू. भोरला समुद्र नाही. तो आमच्याकडे बाजाराच्या दिवशी येतो, घाट चढून, टेम्पोतून. सुकट, बोंबील आणि खाऱ्या मासळीचे ढीग होऊन तो ताडपत्रीवर पसरतो, आणि त्या टोकाला गेलं की माझ्या नाकाला रुमाल लागतो. पूर्वीही तो असाच यायचा, फक्त बैलांच्या पाठीवरून. मीठ यायचं, खोबरं यायचं, आणि मधूनमधून फौजाही यायच्या. म्हणून तर कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर, डोंगरांच्या सोंडांवर जागोजाग चौक्या बांधल्या होत्या. म्हणजे किनाऱ्याचं रक्षण आमच्याकडेही होतंच. किनारा तेवढा खाली राहिला होता.

त्यातलीच एक चौकी म्हणजे आमचा बुरूज. भोरकडून वेल्ह्याकडे जाताना डाव्या हाताच्या एका सोंडेवर तो आहे. राजगड आणि तोरणा तुम्ही पाहिले आहेत. ती या मुलखातली बडी मंडळी. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत टाचा उंचावून उभा राहिलेला एखादा पाहुणा असतो ना, तसा हा बुरूज. नकाशात त्याला नाव नाही. रविवारी पानशेतला भजी खायला येणारे पुणेकर तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे भिंतींवर कुणाची नावंही रंगवलेली नाहीत. खालच्या वाडीतले लोक त्याला नुसतं ‘बुरूज’ म्हणतात.

तिथे लढाई झाली होती, यावर वाडीत एकमत आहे. कुणाशी, यावर नाही. कुणी मोगल म्हणतं, कुणी विजापूरकर, कुणी इंग्रज. एका म्हाताऱ्यांनी तर आजोबांना सांगितलं, की गनीम होड्यांतून आला होता. आजोबा म्हणाले, ‘‘अहो, पण होड्या डोंगरावर कशा येतील?’’ ते म्हणाले, ‘‘तेच तर! म्हून तर कुनाला कळलं न्हाई.’’

एक गोष्ट मात्र तिथला प्रत्येकजण अगदी सारखी सांगतो. बुरूज पडला तो फितुरीने. पुढच्या दरवाजावर शूर लोक होते, ते मागे हटले नाहीत. मागच्या चोरदरवाजावर जो पहारेकरी होता, त्याने रात्री आतून दार उघडलं आणि गनिमाला आत घेतलं. बदल्यात त्याला काय मिळालं? टोपलीभर सुकट.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग कळलं, की त्या पहारेकऱ्याचं घर अजून वाडीत आहे आणि ते शेवंताचं आहे.

शेवंता तुम्हाला आठवत असेल. मागे एका उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा तिने ओमला म्हशीवर बसवलं होतं आणि ओम उतरायला तयार नव्हता. तिची मुलगी माझ्या शाळेत होती, तेव्हापासूनचा आमचा घरोबा. बाजाराच्या दिवशी ती पिशव्या आमच्या ओट्यावर ठेवते, चहा घेते आणि सगळ्या वाडीच्या बातम्या सांगते. तिच्या घराला खरं आडनाव आहे, पण वाडीत ते कुणी वापरत नाही. वाडीत ते ‘सुकटे’. दुकानात उधार मागायला जावं, तर ‘‘या सुकटे’’. लग्नात पंगतीला बसावं, तर वाढपी विचारणार, ‘‘सुकट वाढू का?’’ पंगत पुरणपोळीची असली तरी.

एवढ्यावर असतं तर शेवंताने कधीच उलटून चार शब्द सुनावून विषय मिटवला असता. पण किल्लीची गोष्ट होती. वाडीत देवीचं देऊळ आहे. नवरात्रात रोज एकेका घराची माळ असते. ज्या घराची माळ, त्या घरच्या बाईने पहाटे देवळाचं कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, फुलांची माळ चढवायची. तिसरी माळ शेवंताच्या घराची. पण या घराच्या हातात किल्ली द्यायची नाही, असा रिवाज. त्यांनी तेल-फुलं घेऊन खाली पायरीवर उभं राहायचं. कुलूप उघडायचं वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आबांच्या घराने, कारण आबांचे पूर्वज म्हणे पुढच्या दरवाजावर होते. देवळाची किल्ली एरवी आबांच्या करगोट्याला असते. दरवर्षी तिसऱ्या माळेला कुलूप काढता काढता आबा मागे वळून म्हणायचे, ‘‘सुकटे, मागं सरा. तुमचा भरवसा न्हाई, देवीबी इकाल.’’ सगळे हसायचे. शेवंताही हसायची. लग्न होऊन आल्यापासून हसत होती.

हरलेली लढाई कुणाच्या तरी नावावर टाकावीच लागते, असं मला आता वाटतं. भिंत कच्ची होती, दाणागोटा संपला, समोरचे जास्त होते, हे पटायला अवघड. एक माणूस सापडला की सोपं जातं. आजोबा क्रिकेट बघताना हेच करतात. सगळा संघ गडगडतो, पण दोष त्या एका मुलाचा, ज्याने दुपारी झेल सोडला. त्या मुलाच्या नातवंडांना उद्या कुणी किल्ली देणार नाही, असं मी म्हटलं की आजोबा आवाज वाढवतात. स्वतःचा नाही, टीव्हीचा.

तर काही वर्षांपूर्वी, असाच पितृपक्ष असताना, शेवंता बाजारातून आली आणि चहा न घेताच बसून राहिली. त्या वैशाखात तिच्या मुलाचं लग्न झालं होतं. सून कोमल वरवे गावची, शिकलेली, तिकडे कंपनीत कामाला जायची, तोंडाने फटकळ. तिने सासूला विचारलं होतं, ‘‘आत्या, माळ आपली, तेल आपलं, मग आपण पायरीवर का हुबं ऱ्हायचं?’’

‘‘मग तू काय सांगितलंस?’’ मी म्हटलं.

‘‘काय सांगनार? सुकटीचं सांगितलं. तर म्हनती, असं आसंल तर मी न्हाई हुबी ऱ्हानार. माह्येरी जाते तिसऱ्या माळंला.’’ शेवंताने पदराने कपाळ पुसलं. ‘‘बाई, मी हसून काढली एवडी वर्सं. पन ती पोरगी तितं हुबी ऱ्हाईल, आन आबा बोलतील, आन तिला हसावं लागंल... त्ये मला बगवायचं न्हाई. तुमी विंग्रजी शिकल्याली मानसं. तो बुरूज मला वाचून दावा.’’

‘‘अगं, दगडावर काही लिहिलेलं नसतं.’’

‘‘मग न लिव्हल्यालं वाचा.’’

मी तिला विचारलं, ‘‘तू पाहिलायस तो चोरदरवाजा?’’ तिने पाहिला नव्हता. तिच्या सासऱ्यांनी पाहिला नव्हता. त्या घराचं माणूस लाजेने त्या बाजूला जात नसे. आणि बाकी वाडीने? त्यांना पाहायची गरजच नव्हती. त्यांना माहीतच होतं.

आम्ही गेलो तो दिवस अजून माझ्या अंगावर आहे. सकाळी सर येऊन गेलेली, मग एकदम स्वच्छ ऊन, आणि सोंडभर सोनकी फुललेली, हळदीचं पोतं फुटावं तशी. तेरडा गुडघ्याएवढा, गवत छातीएवढं. पुढे विळा घेऊन शेवंता, मधे मी, मागे आजोबा. माझ्याकडे छत्री, शिट्टी, साखर-मिठाचं पाणी, चिकटपट्टी आणि ज्याच्या त्याच्या नावाचे नॅपकिन होते. हसू नका. प्रवासात मी नेहमीच असं सगळं नेते आणि ते नेहमीच उपयोगी पडतं. आजोबांकडे मोजायची टेप होती आणि डोक्यावर ती पांढरी क्रिकेटची टोपी. ते थोड्या थोड्या वेळाने थांबून देखावा बघत होते. धाप लागली की त्यांना देखावा दिसतो.

चढता चढता शेवंता गप्प होती. एरवी तिच्या बोलण्याला पूर्णविराम नसतो. गवत कापल्याचा हिरवा वास, पायाखाली ओली माती, लांबवर कुणीतरी भातातली पाखरं हाकत होतं त्याचा आवाज. मी मधेच शिट्टी वाजवली तर दोघंही दचकले. मी म्हटलं, ‘‘चालू आहे की नाही ते पाहिलं.’’

पुढचा दरवाजा लगेच सापडला. म्हणजे दोन बाजूंचे दोन खांब आणि मधे आभाळ. खांबांच्या मागे समोरासमोर दोन चौकोनी खोबण्या आहेत. दार लावलं की त्यांत आडवा अडसर सरकवायचा. आजोबांनी मला ते प्रात्यक्षिकासह समजावून सांगायचं ठरवलं. त्यांनी कोपरापर्यंत हात खोबणीत घातला आणि ‘‘हा असा अडसर’’ एवढं म्हणून ते जे ओरडले, त्याने खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. आत बेडूक होता. तो शांतपणे बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेला. त्या बुरजावरचा सध्याचा पहारेकरी तोच.

चोरदरवाजा मात्र करवंदीच्या जाळीत पार बुडाला होता. शेवंताने विळा चालवला. आजोबांनी टेपचं एक टोक धरलं, ते कशासाठी ते अजून मला कळलेलं नाही. जाळी बाजूला झाली तसा एक ठेंगणा, काळा, कमानदार दरवाजा दिसला. माणूस वाकूनच जाऊ शकेल एवढा. आतून थंडगार वास आला, माठाच्या तळाशी येतो तसा.

‘‘मी जातो,’’ आजोबा म्हणाले. ते खांद्यांपर्यंत गेले आणि तिथेच राहिले. आम्ही दोघींनी त्यांना मागे ओढून घेतलं. टोपी आतच राहिली. मी म्हटलं मी जाते, पण माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. शेवंताने पदर खोचला, माझा मोबाईल घेतला, त्याचा दिवा लावला आणि ती आत गेली.

थोडा वेळ नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज. मग तोही थांबला.

‘‘शेवंता?’’

‘‘बाई, हितं दगुड हाय.’’

‘‘बाजूला करून बघ.’’

‘‘बाजूला कसा करू? डोंगूरच हाय त्यो.’’

तेवढ्यात माझ्या गुडघ्यांना काय झालं कोण जाणे, ते आपोआप वाकले. मी रांगत आत गेले, आजोबांच्या टोपीवरून. दोन्ही बाजूंना घडीव दगड, मग कोरलेला कातळ, आणि मग समोर कातळच. जोडलेला नाही, सांधा नाही, चुना नाही. छिन्नीचे तिरपे घाव अगदी ताजे दिसत होते, कुणी जेवायला गेल्यासारखे. वाट तिथे संपली होती. संपली म्हणणंही चूक. ती पलीकडे कधी गेलीच नव्हती. बाहेरून भोक पाडायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. बाहेर आजोबांना हे ओरडून सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘म्हणजे आपल्या तालुक्यातली कामं अर्धवट सोडायची पद्धत बरीच जुनी दिसते!’’

शेवंता माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिने कातळावर तळहात ठेवला. गाय विकत घेताना पाठीवर ठेवतात तसा. मग म्हणाली, ‘‘उघडायला दारच न्हवतं.’’ आणि तिला हसू फुटलं. त्या एवढ्याशा जागेत ते हसणं इतकं मोठं झालं, की आजोबा बाहेरून विचारत राहिले, काय झालं, बेडूक आहे का? हसता हसता ती रडायला लागली, मग पुन्हा हसली. मी तिला तिच्या नावाचा नॅपकिन दिला.

बाहेर येऊन आम्ही सोनकीत बसलो आणि तिने भाकरी सोडली. भाकरीवर होती सुकटीची चटणी. मी बघतच राहिले. ती म्हणाली, ‘‘आमच्यात कायम आसती, बाई. नाव पडलंच हाय, तर खाल्ल्याली बरी.’’ आपल्या घरात सुकट चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या दुपारी आजोबांनी काय खाल्लं ते मी पाहिलं नाही. मी देखावा बघत होते.

मला वाटलं, झालं काम. ऐतिहासिक पुरावा हाती आला, आता वाडीला सांगितलं की संपलं. शाळेत आयुष्य गेल्यामुळे मला अजून असं वाटतं, की बरोबर उत्तर सांगितलं की मुलं वहीत उतरवून घेतात.

देवळात साफसफाई चालली होती तिथे आम्ही गेलो. आबा ओट्यावर बसून इतरांच्या कामावर लक्ष ठेवत होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरी टोपी, काठी, आणि आवाज असा की लाऊडस्पीकर लावायची गरज नाही. शेवंताने सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, ‘‘बाई, तुमी शिकल्यासवरल्याल्या. दोन बायामानसांनी अंधारात दगुड चाचपला, आन झाला व्हय इतिहास?’’

‘‘दोन बायामानसं आन एक साहेब,’’ शेवंता म्हणाली.

‘‘साहेब आत गेलं हुतं?’’

आजोबा म्हणाले, ‘‘अंशतः.’’

‘‘मग तुमी समदे चला आन बगा की आबा,’’ कोमल म्हणाली. ती झाडू घेऊन मागे उभी होती. नव्या सुनेने आबांना असं तोंडावर म्हणावं, हे वाडीला नवीन होतं. झाडू थांबले. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘येतो. माझ्या पायांनी येतो. आन दार निगालं तर तू माझी माफी मागायची.’’

‘‘आन न्हाई निगालं तर?’’

आबांनी करगोट्याची किल्ली चाचपली.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी अख्खी वाडी बुरजावर निघाली. अशी मिरवणूक त्या सोंडेने लढाईनंतर पहिल्यांदाच पाहिली असेल. तान्ही मुलं, काठ्या, पाण्याचे ड्रम, एकाने नारळ आणला होता, एकाने पहार. ‘‘बूच आसंल. ठोकून बगतो,’’ म्हणाला. आबांना दोघांनी खांद्यावर बसवून आणायचं ठरवलं होतं, पण ते चालतच आले, वाटेत प्रत्येकाला ‘‘माझी काळजी करू नगा’’ असं बजावत, म्हणजे सगळ्यांनी काळजी करावी.

दाराशी एकच गर्दी झाली. मग मी शिट्टी वाजवली. सांगितलं होतं ना, उपयोगी पडते. मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, डावा खांदा आधी, मान खाली, आत ढकलाढकली नाही, बघून झालं की उजवीकडून बाहेर. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांची आईबापं त्या रांगेत होती आणि सगळ्यांनी ऐकलं. एकेक जण आत जायचा, थोड्या वेळाने केसांत माती घेऊन बाहेर यायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, ‘‘व्हय. बंद हाय.’’ मागचा म्हणायचा, ‘‘बगू दे.’’ आणि तोही जायचा. आधीच्याने सांगितलेलं कुणालाही पुरत नव्हतं. पहारवाल्याने आत ठणाठणा ठोकलं आणि बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, ‘‘पार तोरण्यापतुर दगुड हाय.’’ नारळवाल्याने, आता आणलाच आहे तर, म्हणून नारळ फोडला.

आबा शेवटी गेले. बराच वेळ आत होते. आम्हाला काळजी वाटायला लागली, तेव्हा काठीचं टोक बाहेर आलं, मग आबा. टोपीला माती. ते एका दगडावर बसले.

‘‘बंद हाय,’’ ते म्हणाले. ‘‘दार न्हाईच. खरं हाय.’’ मग मान वर करून, चिडून, जणू कुणी त्यांना फसवलंय, म्हणाले, ‘‘पन मग गनीम आला कुठनं?’’

वारा आला आणि सोनकी एका बाजूला वाकली. तेवढ्यात मागून कुणाचा तरी आवाज आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही:

‘‘मागलं दार न्हाई म्हंजी म्होरल्या दारातनंच आला आसंल की!’’

आणि दुसरा: ‘‘म्होरल्या दारावं कोन हुतं ओ, आबा?’’

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग एकाला कळलं, तो फिसकन हसला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी सोंड हसायला लागली. ‘‘आबा, तुमास्नी काय मिळालं? बोंबील?’’ ‘‘सुकटीवर भागलं न्हाई, पापलेट आसंल!’’ आबांचा चेहरा मी विसरणार नाही. ऐंशी वर्षं ज्या दरवाजाची शेखी मिरवली, तोच अंगावर आला होता. त्यांनी काठी आपटली, तोंड उघडलं, पण तो मोठा आवाज आला नाही. ते एकदम फार म्हातारे दिसले.

मी शेवंताकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच पाहत होते. एवढ्या वर्षांचं हसणं तिच्याजवळ साठलेलं होतं, आणि ते परत करायला याहून चांगली वेळ आली नसती. कोमल तर तोंड उघडून तयारच होती. शेवंताने तिचा दंड धरला.

‘‘कुनी उघडलं न्हाई,’’ शेवंता म्हणाली. ‘‘भित पडली आसंल. पावसात पडत्यात भिती. आमच्या गोठ्याची बी पडली अवंदा, तवा काय म्या कुनाला इकला व्हय गोठा?’’

मग एक म्हातारी म्हणाली, पडतात खऱ्या. दुसरा म्हणाला, तो पश्चिमेचा कोपरा तर ढासळलेलाच आहे, तिथूनच आले असणार. बघता बघता सगळे त्या कोपऱ्याकडे निघाले आणि गनीम नेमका कुठून चढला असेल, यावर नवी भांडणं सुरू झाली. आबा दगडावरच बसून राहिले. शेवंताने त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. तांब्या परत देताना हळूच म्हणाले, ‘‘पन सुकट आनली हुती त्याचं काय? त्ये तर समदेच सांगत्यात.’’

‘‘आनली आसंल,’’ शेवंता म्हणाली. ‘‘भूक लागली आसंल.’’

तिसऱ्या माळेला पहाटे आजोबा आणि मी मुद्दाम वाडीत गेलो. धुकं होतं, भाताचा वास होता, झेंडूची टोपली होती. शेवंता आणि कोमल तेल-फुलं घेऊन पायरीवर उभ्या होत्या, कारण सवयीने पाय तिथेच थांबले. काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. बुरजावरून आल्यापासून आबा कुणाशी बोलले नव्हते. ते आले, सगळ्यांकडे पाठ करून करगोट्याची गाठ सोडत बसले. ती सुटेना. इतर माळांना घरचं कुणीतरी ती आदल्या रात्रीच सोडून द्यायचं; तिसऱ्या माळेला मात्र ती कधी काढावी लागली नव्हती. त्या दिवशी कमरेला बांधलेल्या किल्लीसकट कुलपाला जाऊन भिडायची त्यांची पद्धत. शेवटी आजोबांनी खिशातला चाकू दिला.

आबांनी किल्ली कोमलपुढे धरली. ‘‘उजवीकडं फिरव. आदी जरा वर उचल. जोर लावू नगं, मोडशील.’’

ती लावायला लागली, पण कुलूप दाद देईना. आबांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. ‘‘वर उचल म्हनलं ना. वर. तसं न्हाई. अगं, तसं न्हाई...’’

‘‘आबा,’’ शेवंता म्हणाली, ‘‘उजेड आडवताय.’’

आबा बाजूला झाले. कुलूप उघडलं. आत अंधारात तेलाचा आणि शिळ्या फुलांचा वास होता. कोमलने दिवा लावला. या वेळी कुणी हसलं नाही. शेवंता तेवढी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती, वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखी.

ओम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. कोण जिंकलं ते मला माहीत नाही, आणि वाडीतही कुणाला माहीत नाही. तुमच्या समुद्रावरच्या त्या खोलीत तोफ होती आणि कुणी आलंच नाही. आमच्याकडे कुणीतरी आलं, पण कुठून ते सापडत नाही. तुमच्याकडे पाटी आहे, हे एक बरं आहे. पाटी असली की माणसं भांडत नाहीत. पण मग ती डोंगरही चढत नाहीत, आणि अख्ख्या गावाला रांगेत उभं करायची संधी माझ्यासारखीला मिळत नाही.

आता काय काय उरलं आहे, ते सांगते, म्हणजे पुढच्या खेपेला याल तेव्हा उगीच फार अपेक्षा ठेवणार नाही. पुढच्या दरवाजाचे दोन खांब उभे आहेत. आत कातळात खोदलेल्या एका टाक्यात पाणी आहे, पण ते पिण्यासारखं नाही. पश्चिमेचा कोपरा दरवर्षी थोडा थोडा ढासळतो. चोरदरवाजा तेवढाच खोल आहे. शेवंताच्या घराला वाडीत अजून ‘सुकटे’च म्हणतात. तिसऱ्या माळेला देवळाचं कुलूप कोमल उघडते.

तुमची,
आजी